गाभडलेली शेळी विकू नका

मागच्या महिन्यात इनामगावाहून एक मुलगी माझं घर विचारत आली. सोबत तिची आई होती. मुलीचं मूल चौथ्या महिन्यात पडलं होतं, आणि तिच्या रक्ताच्या तपासणीत जे नाव निघालं, तेच पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या तपासणीत निघालं होतं. म्हणून कुणीतरी तिला माझ्याकडे धाडलं होतं. चहा पुढे ठेवला तर कपाला हात लावेना. खालमानेनं म्हणाली, ‘‘ताई, त्ये किडं आजून माझ्या अंगात हायेत म्हणं. मला परत मूल व्हईल का?’’

मी तिला माझी सगळी हकिगत सांगितली. निघताना तिची आई म्हणाली, ‘‘बाई, ह्ये कुठंतरी लिहून ठिवा. समद्यांना काय तुमच्या दारात येता येत न्हाई.’’

म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. दहावी पास, तीही गणितात काठावर. औषधांची नावं मला तेव्हाही पाठ झाली नाहीत आणि आता तर आठवतही नाहीत. पण भीती कशी असते ते मला अजून पाठ आहे, आणि ती कशी गेली तेही.

दौंडची पोर

माझे वडील, अण्णा, दौंडला रेल्वेत पॉईंटमन होते. मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले. जनावर म्हणून ओळख ती फलाटावरच्या कुत्र्यांशी. लग्न होऊन मी मांडवगण फराट्याजवळच्या एका वाडीवर आले तेव्हा घरात शेती होती, दोन गाई होत्या आणि शेळ्या होत्या. माझे यजमान, ज्यांना मी इथेही ‘हे’च म्हणणार, रांजणगावच्या एका कंपनीत पाळीनं कामाला जात. शेळ्यांचं राज्य माझ्या सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

आत्याबाई तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी शेजारणीला म्हणाल्या, ‘‘दौंडची पोर हाय. शेळीचं तोंड कुठलं आन् शेपूट कुठलं, त्ये आधी दाखवावं लागंल.’’ मला राग आला. मी मनाशी म्हटलं, थांबा, दाखवतेच. आणि शेण, लेंड्या, धारा, सगळ्यात हात घातला.

त्यातली एक शेळी आमची नव्हती. तिचं नाव कवडी, अंगावर कवडीएवढे पांढरे ठिपके. ती शेजारच्या हसीनाभाभींची. त्यांनी ती आमच्याकडे अर्धलीनं दिली होती, म्हणजे शेळी त्यांची, सांभाळ आमचा, करडं निम्मी-निम्मी. आमच्याकडे अशा कितीतरी शेळ्या एकीच्या नावावर आणि दुसरीच्या दावणीला असतात.

त्या थंडीत आमच्या शेळ्या एकामागून एक गाभडल्या. दिवस भरायच्या आत मेलेली करडं टाकायला लागल्या. मी आत्याबाईंच्या बरोबरीनं बसले. करडू ओढलं, वार काढली, छप्पर धुतलं, सगळं उघड्या हातांनी. सगळ्याच बाया तसंच करतात, हातमोजे कुणी बघितले होते? तेव्हा मला दिवस गेलेले होते आणि मला ते नीट कळलंही नव्हतं.

आता आमच्या भागातली एक रीत सांगते. शेळी गाभडली की ती ठेवायची नाही. पुढच्याच बाजारी शिरूरला न्यायची, कास भरलेली दिसते आहे तोवर विकायची आणि तिच्या जागी दुसरी गाभण आणायची. ठेवली तर म्हणे दावणीला खोड लागते, बाकीच्याही टाकायला लागतात. आत्याबाईंनी एकेक करून सगळ्या गाभडलेल्या विकल्या. राहिली फक्त कवडी, कारण हसीनाभाभी लेकीच्या बाळंतपणाला पाबळला गेल्या होत्या आणि मालकिणीला विचारल्याशिवाय अर्धलीची शेळी विकता येत नाही.

दर थंडीला असंच होई, हे मला नंतर कळलं. दर थंडीला गाभडायच्या, विकायच्या, नव्या आणायच्या, आणि नव्याही गाभडायच्या. आत्याबाई म्हणायच्या, दावणच पनवती.

ताप

मला बारीक ताप यायला लागला. मानेला कानाखाली गाठी आल्या. वाडीवरच्या बाया म्हणाल्या, हवा लागली. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप गेला, गाठी राहिल्या. त्यात काही मोठं दुखणं आहे असं मला वाटलंच नाही. अंग जड असलं की आत्याबाई म्हणत, ‘‘पहिलटकरीण हायेस, व्हायचंच,’’ आणि माझ्या वाटणीची दोन कामं स्वतः उरकून टाकत. बोलायच्या कडू, पण वागायच्या अशा.

पाचवा महिना लागला. बाळ हलायला लागलं होतं. भाकरी थापताना ते आतून टुकटुक करी आणि मी एकटीच हसे.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात ते हलायचं थांबलं. दोन दिवस मी कुणाला बोलले नाही. बोलले तर खरं होईल असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी पोटात कळा आल्या आणि यांनी शेजाऱ्याची जीप काढून मला दौंडला नेलं. नदीवरच्या पुलावर जीपला हिसका बसला तेव्हा आत्याबाईंनी माझं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरलं. त्या काही बोलत नव्हत्या. त्या बोलत नाहीत म्हणजे सगळं संपलं, हे मला तिथेच कळलं.

खाट

मुलगा होता. मला दाखवला नाही. आत्याबाई कापडात गुंडाळून घेऊन गेल्या आणि बऱ्याच वेळानं हात-पाय धुऊन परत आल्या. मी विचारलं, ‘‘कुठं ठेवला?’’ त्या म्हणाल्या, ‘‘इचारू नगंस.’’ मी परत विचारलं नाही, पण तो प्रश्न माझ्या छातीवर बसून राहिला.

दवाखाना लहान. बायांची खोली एकच. माझ्या शेजारच्या खाटेवर पाटसची एक बाळंतीण होती, तिचं बाळ रात्रंदिवस रडायचं. त्या बाईला माझं समजलं होतं. बाळाला पाजायची वेळ झाली की ती माझ्याकडे पाठ करून बसायची. मला त्रास होऊ नये म्हणून. तिची ती पाठ मला अजून दिसते, निळ्या पोलक्याची. तिचं नावही मी विचारलं नाही.

दवाखान्यापासून स्टेशन जवळ. अण्णा ड्यूटी सुटली की तसेच युनिफॉर्मवर येऊन पायथ्याशी बसत. पोरीशी काय बोलावं ते त्या माणसाला कधीच कळलं नाही. शिट्टी झाली की म्हणत, ‘‘मनमाड पॅसेंजर. आज उशीर झाला.’’ पुन्हा शिट्टी झाली की, ‘‘मालगाडी. रिकामी आहे, आवाजावरून कळतं.’’ एवढंच. पण त्या आवाजांत मी लहानाची मोठी झाले होते. ते बोलत असले की तेवढा वेळ मला रडू येत नसे.

आणि मग मला दूध आलं.

कुणी सांगितलं नव्हतं की असंही होतं. बाळ नाही, आणि छाती दगडासारखी भरलेली. पोलकं भिजलं तशी मी किंचाळलेच. आत्याबाईंनी दाराचा पडदा ओढला, मला न्हाणीत नेलं आणि स्वतःच्या हातानं ते पिवळं दूध भिंतीवर पिळलं. मला दुखत होतं. मी म्हणत होते, नको, नको. त्या म्हणाल्या, ‘‘उगी. ह्ये तसंबी टाकायचंच असतंय. पहिलं दूध इखारी असतं. म्या माझ्या समद्या लेकरांच्या येळी असंच भित्तीवर पिळलंय.’’ मग त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझी छाती घट्ट बांधली. 

नाव कळलं तो दिवस

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी माझं रक्त पुण्याला पाठवलं होतं. मला जरा उतार पडला तेव्हा त्यांनी यांना आणि मला आत बोलावलं.

‘‘घरी मांजर आहे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘गोठ्यात फिरतात. कुणाचं म्हणून नाही.’’

‘‘शेळ्या?’’

मी सगळं सांगितलं. मेलेली करडं सांगितली तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावलं. रोगाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक, ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. हा एक डोळ्यांना न दिसणारा परजीवी. मांजरीच्या घाणीतून तो मातीत, चाऱ्यात येतो. शेळीच्या पोटात गेला की करडाला मारतो. तुम्हाला मेलेल्या करडापासून झाला, की मातीतून, की न धुतलेल्या भाजीतून, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. एरवी माणसाला चार दिवस ताप येऊन जातो. पण नेमके दिवस गेलेले असताना पहिल्यांदा झाला तर पोटातल्या बाळाला गाठतो; बाळ वाचलं तरी त्याचे डोळे, डोकं धरतो.

‘‘औषधानं मरेल ना तो?’’ मी विचारलं.

त्यांनी लपवलं नाही, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, ‘‘सगळा नाही. तुमचं अंग त्याच्याशी लढलं आहे. जे उरतात ते मांसात गाठ करून पडून राहतात, जन्मभर. मेलेले नसतात, कोंडलेले असतात. बाहेरून कडी तुमच्याच अंगानं घातलेली असते, आणि चांगल्या तब्येतीत ती कडी निघत नाही.’’

आज मला हे वाक्य धीराचं वाटतं. त्या दिवशी मात्र मी फक्त ‘जन्मभर’ एवढंच ऐकलं. ज्यानं माझं मूल मारलं तो माझ्याच अंगात राहणार होता, मी जेवले की तोही पोसला जाणार होता. घरी आल्यावर कितीतरी दिवस मला स्वतःच्या दंडाला हात लावायची किळस येई.

भरीस भर म्हणजे रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं होतं. तो काळ असा की ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की खेड्यात एकाच रोगाचं नाव घ्यायचे. कुठून तोंड फुटलं देव जाणे, पण वाडीवर कुजबुज सुरू झाली. माझ्या पाण्याचा तांब्या एके दिवशी वेगळा ठेवलेला दिसला. हे कंपनीतून आले, तांब्या पाहिला, त्याच तांब्यानं घटाघटा पाणी प्यायले आणि तो परत सगळ्यांच्या तांब्यांत ठेवला. यांच्याशी मी आयुष्यात पुष्कळ भांडले आहे. भांडण रंगात आलं की तो तांब्या आठवतो आणि मी गप्प बसते.

ढोरांचे डॉक्टर

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, शेळ्याही कुणाला तरी दाखवा. यांनी शिरूरहून जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. मध्यम वयाचे, मोटारसायकलला पेटी बांधलेली. मी ओसरीवर अंथरुणातच बसले होते.

त्यांनी आत्याबाईंना विचारलं, ‘‘मागच्या सालच्या गाभडलेल्या कुठल्या?’’

‘‘इकल्या.’’

‘‘त्याच्या मागच्या सालच्या?’’

‘‘त्याबी इकल्या. डागी जनावर कोन ठिवतंय? ही एक हाय, भाभीची. ती आली की हिलाबी बाजार दावायचा.’’

डॉक्टर कवडीपाशी उकिडवे बसले. तिचं रक्त घेतलं. म्हणाले, ‘‘थांबा जरा. गाभडण्याचे रोग दोन-तीन असतात. एक असा आहे की त्यातली शेळी काढावीच लागते. आधी बघू हिला कुठला झालाय.’’

दुसऱ्यांदा आले तेव्हा ते खुशीत दिसले. कवडीला माझाच रोग निघाला होता. ‘‘हिला विकू नका,’’ ते म्हणाले. ‘‘ज्या शेळीला हा रोग एकदा होऊन गेला, तिचं अंग त्याला ओळखायला शिकतं. पुढच्या खेपेला तो आला तरी करडापर्यंत पोचू देत नाही. आजी, विंचू चावलेला माणूस पुढं चप्पल झटकून घालतो का नाही? तसं. तुम्ही काय करता, झटकून घालणारी विकता आणि अनवाणी चालणारी विकत आणता. मग दर साली नव्या गाभडणारच.’’

आत्याबाईंच्या डोळ्यांपुढून वर्षानुवर्षं शिरूरच्या बाजारात नेलेल्या शेळ्या जात असाव्यात. मी मात्र अंथरुणावरून एकदम विचारलं, ‘‘आणि बाईचं?’’

डॉक्टर वळले. त्यांना माझं माहीत होतं. ‘‘ताई, मी ढोरांचा डॉक्टर. तुमचं तुमच्या डॉक्टरबाईच सांगतील. पण तत्त्व तेच आहे.’’

जाताना आणखी एक सांगून गेले. शेळी व्याली की करडाला आधी चीक पाजायचा, म्हणजे पहिलं घट्ट दूध. ‘‘शेळीनं दुखण्यात जे जे कमावलं ते करडाला पोटात मिळत नाही, चिकातून मिळतं. तुम्ही तो जमिनीवर काढून टाकता. माणसाचं थोडं वेगळं आहे. काही राखण पोटातच मिळते. पण पहिलं दूध माणसातही टाकू नये.’’

आत्याबाई फणकारल्या. ‘‘ढोराचं आन् मान्साचं एकच करता व्हय? आमच्या सात पिढ्या टाकीत आल्या.’’

डॉक्टर हसले आणि मोटारसायकलला किक मारली.

कवडी राहिली

हसीनाभाभी पाबळहून आल्या त्या आधी माझ्याकडे आल्या. पोटाशी धरून रडल्या. मग आत्याबाईंनी शेळीचा विषय काढला. डॉक्टरांचं सांगितलं खरं, पण शेवटी म्हणाल्याच, ‘‘गाभडलेली ती गाभडलेली. दारात ठिवायला मन घेत न्हाई. आमची सून आशी पडलेली, त्यात ही म्होरं.’’

भाभींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘आत्या, शेळी माझी हाय. मी न्हाई इकत. एकदा पडलं म्हणून दावं सोडायचं म्हणलं, तर ह्या वाडीत किती बाया राहतील?’’

कवडी राहिली.

मी रोज ओसरीवरून तिच्याकडे बघे. ती आपली रवंथ करत असे. तिच्याही अंगात तो कोंडलेला होता आणि तिला त्याचं काही नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, काही महिने थांबायला सांगितलं. पावसाळा सरता सरता मला पुन्हा दिवस गेले. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, ‘‘नव्या दुखण्याची खूण नाही. जुनं आहे, आणि जुनं असणं हीच तुमची राखण.’’ मी मान डोलावली. समजलं होतं. पण समजणं वेगळं आणि पोटावर हात ठेवून पडणं वेगळं. बाळ हललं की आनंद होण्याआधी मी पुढच्या हलण्याची वाट बघायला लागे. यांच्यावर ओरडे, अण्णांवर ओरडे, मांजर दिसलं की काठी घेऊन धावे. भांडीकुंडी राखेनं घासून घासून माझी बोटं फुटली होती.

पाचवा महिना लागला त्या दुपारी आत्याबाई माझ्याशेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘घोड नदीच्या काठाला आपली जमीन हाय ना, तिथं करंजाखाली. म्याच पुरलं त्येला. माझा नवा खण व्हता, त्यात. दौंडात कुठं ठिवायचं? जीपमधनं नेला, तुला सांगितलं न्हाई.’’

मी विचारलं, ‘‘तुम्ही जाता तिथं?’’

‘‘जाती कवा-मवा.’’

आम्ही दोघीही मग शेंगा फोडत राहिलो. छातीवरचं काहीतरी त्या दिवशी उतरलं.

एक आणि एक

कवडी पुन्हा गाभण होती, आणि थंडीत तिचे दिवस भरत आले. सगळ्या वाडीचं तिच्याकडे लक्ष लागलेलं. माझ्यापुढे कुणी बोलत नसे, पण प्रत्येकीच्या मनात एकच होतं. माझ्याही. कवडीची करडं जगली तर माझं जगेल.

ती दुपारी कण्हायला लागली. मला छपराजवळ जायला मनाई होती, मी उंबऱ्यावर बसले. आत्याबाईंनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या आणि त्या पिशव्यांना शिव्याही देत होत्या. हसीनाभाभींनी कवडीचं डोकं धरलं होतं. खूप वेळ झाला. मग आत्याबाईंनी एक करडू ओढलं आणि बाजूला ठेवलं, आणि त्यांनी ज्या तऱ्हेनं ते ठेवलं त्यावरून मी ओळखलं.

मी उंबरा दोन्ही हातांनी धरला. भाभी ओरडल्या, ‘‘आडवं आलतं गं, अडकलं व्हतं! पुरं भरलेलं हाय, केस बघ अंगावर! त्यो रोग न्हाई!’’ पण ते माझ्या कानांवरून गेलं.

मग दुसरं आलं. जिवंत. पण एवढंसं, मान टाकलेलं. आत्याबाईंनी गोणपाटानं पुसलं. सवयीनं त्यांचा हात सडाकडे गेला, चीक जमिनीवर काढायला.

मी उंबऱ्यावरून ओरडले, ‘‘आत्याबाई, टाकू नका! पाजा त्याला!’’

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे, मग पोटाकडे. त्या काय विचार करत होत्या ते मला आजही ठाऊक नाही. मग त्यांनी करडाचं तोंड उघडून सडाला लावलं. त्याला ओढता येईना. बोटानं थेंब थेंब त्याच्या जिभेवर सोडत त्या बसून राहिल्या, पाठ दुखायची तरी उठल्या नाहीत. सूर्य माळापलीकडे गेला तेव्हा ते करडू चार पायांवर उभं होतं, धडपडत आणि पुन्हा उभं राहत.

डॉक्टर येऊन बघून गेले. मेलेलं करडू अडकून मेलं होतं, रोगानं नाही, असंच तेही म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण अंथरुणावर पडलं की एकच हिशेब डोक्यात येई. दोघांतलं एक गेलं, एक राहिलं. आणि माझ्या पोटात तर एकच होतं.

इनामगावच्या त्या पोरीला मी हेच सांगितलं. शेळीकडे बघून आपलं ठरत नसतं. कवडीनं मला हमी दिली नाही, कुणीच देऊ शकत नव्हतं. तिनं एवढंच दाखवलं की जो रोग एकदा आपल्या अंगानं पेलला, तो पुन्हा त्याच दारानं आत येत नाही. बाकी भीती घेऊनच दिवस काढावे लागतात. ती घेऊनही भाकरी थापता येते, केस विंचरता येतात, भांडता येतं. आणि हो, नुसत्या मथळ्यावर जाऊन गाभडलेली शेळी ठेवू नका, आधी तिचं रक्त तपासून घ्या. मेलेल्या करडाला उघडा हात लावू नका, पोटुशी बाईनं तर तिकडे फिरकूच नये. हे दोन शब्द त्या थंडीत मला कुणी सांगितले असते तर कदाचित करंजाखाली कुणी निजलं नसतं.

पहिलं दूध

उन्हाळ्यात दौंडच्या त्याच दवाखान्यात, त्याच खोलीत मला मुलगी झाली. रडली. मी आधी तिचं रडणं ऐकलं आणि मग स्वतःचं. डॉक्टरबाईंनी तिचे डोळे उघडून बॅटरी मारली, डोकं चाचपलं, पुन्हा डोळे बघितले. मग त्या म्हणाल्या, ‘‘छान आहे. लख्ख बघते आहे.’’

बाहेर शिट्टी झाली. दाराशी उभ्या असलेल्या अण्णांना पहिल्यांदाच गाडी कुठली ते सांगता आलं नाही. ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

माझी आई घरून मध आणि गुळाचं पाणी घेऊन आली होती. वाटीत बोट बुडवून ती बाळाच्या ओठांकडे नेणार, तेवढ्यात आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी आईच्या हातातून वाटी काढून घेतली आणि खिडकीत झाकून ठेवली. मग माझ्याजवळ आल्या आणि माझ्या पोलक्याची गुंडी काढायला लागल्या. मला ती न्हाणी आठवली. वाटलं, आता भिंत. मी डोळे मिटून घेतले.

छातीवर काहीतरी ऊन, मऊ येऊन टेकलं. मी डोळे उघडले. आत्याबाईंनी नातीला माझ्या अंगाशी लावलं होतं आणि एका हातानं तिची मान सावरत होत्या, त्या करडाची सावरली होती तशीच.

‘‘पाज,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्येच पाज आधी. तू सोसलंस त्ये समदं ह्यात हाय. तिला मिळू दे.’’